तासगाव: २० हजारांचा फोन आणि ६५ हजारांचा लॅपटॉप, पैसे कशाला मोजायचे?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तासगावला द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे, त्यासाठी तुम्हाला २० हजारांपर्यंतचा फोन हवाय. मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला ६५ हजारांपर्यंतचा लॅपटॉप घ्यायचाय. पुतण्या १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि १२० हर्ट्झचा पडदा (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा) यावर अडून बसलाय, दुकानदार म्हणतो १६ जीबी रॅम आणि आय५ असलं की झालं, आणि इथे वरच्या उत्तरांत गेमिंग लॅपटॉप विरुद्ध मॅकबुक अशी जुंपलीय.

माझा निकष एकच. घरी आणल्यावर जे बदलता येत नाही त्याला पैसे मोजा. जे नंतर बसवता येतं किंवा सेटिंगमध्ये फिरवता येतं त्यावरून भांडू नका. फोनमध्ये तर जवळपास काहीच बदलता येत नाही, म्हणून फोन आधी.

भर दुपारी बागेत पडद्यावरचा मेसेज वाचता आला पाहिजे, ही तुमची पहिली गरज. जाहिरातीत '३००० निट्स पीक' लिहिलेलं असतं, निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. तो उजेड पडद्याच्या छोट्याशा भागावर, तोही एचडीआर व्हिडिओ चालू असताना मिळतो. उन्हात व्हॉट्सॲप वाचताना कामी येतो तो हाय ब्राइटनेस मोड, म्हणजे एचबीएमचा आकडा. कंपनीच्या वेबसाइटवर तो बारीक अक्षरात असतो. एचबीएम १००० निट्सच्या पुढे असेल तर निभतं. ५००-६०० निट्सच्या पडद्यावर हाताची सावली धरून वाचावं लागतं. आणखी एक गोम म्हणजे फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा जीपच्या डॅशबोर्डवर दहा मिनिटं पडलेला फोन कागदावर कितीही निट्सचा असला तरी मिणमिणताच दिसणार. तो पडद्याचा दोष नव्हे, उष्णतेपासून वाचायची व्यवस्था आहे. तेव्हा दुकानातला डेमो फोन ब्राइटनेस ऑटोवर ठेवून बाहेर रस्त्यावर उन्हात धरून बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. १२० हर्ट्झ या भावात बहुतेक सगळ्यांतच मिळतो, त्यामुळे तो वाद इथेच मिटवा.

आता कॅमेरा, कारण तुमच्या धंद्यात त्याला खरा अर्थ आहे. १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या मोडमध्ये नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. ५० वाला चार-चार एकत्र करून साडेबारा देतो. म्हणजे दोघांची बेरीज तीच. पुढे तोच फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवलात की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. व्यापाऱ्याला बारकावा दाखवायचा असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर निदान एचडीचं बटण दाबा. मेगापिक्सेलऐवजी ओआयएस आहे का ते विचारा. त्यात लेन्स हात हलला तरी सावरते, त्यामुळे संध्याकाळी शेडमध्ये काढलेला फोटो फिसकटत नाही. २ मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' कॅमेरा म्हणजे मागच्या बाजूची नुसती नक्षी. पानामागची डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) सल्लागाराला दाखवायची असेल तर मॅक्रो वापरू नका. मुख्य कॅमेरा २एक्सवर घेऊन वीतभर अंतरावरून फोटो काढा, मॅक्रोपेक्षा कितीतरी स्पष्ट येतो.

बेदाण्याच्या रंगाची भानगड वेगळी. हिरव्या शेडनेटखाली सगळा प्रकाशच हिरवट असतो. कॅमेरा तो सुधारायला जातो आणि माल पिवळट नाहीतर तांबूस दाखवतो. त्यावर काही फोन खाण्याची वस्तू ओळखून रंग मुद्दाम भडक करतात, आणि तुमचा ॲमोलेड पडदा 'व्हिव्हिड'वर असेल तर तो अजून थोडा रंग ओततो. तुम्हाला दिसलेला बेदाणा एक आणि व्यापाऱ्याला पोचलेला दुसरा, मग दरावरून वाद. तेव्हा पडद्याचा रंग 'नॅचरल'वर ठेवा, कॅमेऱ्यातलं एआय सीन बंद करा, मूठभर माल नेटच्या बाहेर सावलीत आणून पांढऱ्या कोऱ्या कागदावर पसरा आणि कागद फोटोत दिसू द्या. कागद पांढरा दिसतोय म्हणजे मालाचा रंगही बऱ्यापैकी खरा आहे, हे समोरच्यालाही कळतं. हे कुठल्याही भावाच्या फोनवर जमतं.

'८ + ८ जीबी रॅम' या पाटीला भुलू नका. वरचे ८ जीबी म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरलेला असतो, आणि स्टोरेज रॅमच्या मानानं फार संथ. खरी ८ असेल तर पुरे. स्टोरेज किती यापेक्षा कोणतं ते बघा. ईएमएमसी ५.१ ही जुनी, संथ जात असेल तर फोन वर्षा-दीड वर्षात अडखळायला लागतो, विशेषतः मेमरी भरत आली की. निदान यूएफएस २.२ ही वेगवान जात हवी, ३.१ मिळालं तर उत्तम. हे खोक्यावर नसतं, कंपनीच्या पानावर असतं.

नेटवर्कचे बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते लहरींचे पट्टे, नंतर कुणालाच बसवून देता येत नाहीत, तरी दुकानात त्याबद्दल कुणी विचारत नाही. ५जीसाठी एन७८ आणि एन२८ दोन्ही हवेत. एन७८ म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा, वेग जास्त पण पल्ला कमी. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, वेग बेताचा पण लांब जातो आणि भिंतींतूनही शिरतो. जिओचं कार्ड असेल तर गावाबाहेरच्या मळ्यात हाच कामाला येतो. घर जुन्या दगडी भिंतींचं असेल आणि वायफाय असेल तर वाय-फाय कॉलिंग तुमच्या कार्डावर चालतं का तेही विचारून ठेवा. जीपीएस एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सीचा असेल तर मांडवाखाली कमी भरकटतो. ई-पीक पाहणीचा फोटो गटाच्या जागेसकट नोंदला जातो, तिथे हे उपयोगी पडतं.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॉट-तास. नव्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमुळे आता याच जाडीत ६००० ते ७००० एमएएच मिळतात, तुमच्यासाठी ते १२० वॉट चार्जिंगपेक्षा मोलाचं. लाइट येऊन-जाऊन असेल तिथे जलद चार्जिंग कामाचं, हे खरं, पण ४५ वॉटच्या पुढे उरतो तो बहुतांशी जाहिरातीचा आकडा. जलद चार्जर बऱ्याचदा त्याच कंपनीचा लागतो. दुसऱ्यावर तोच फोन सावकाश भरतो, आणि हल्ली काही खोक्यांत चार्जरच नसतो, ते आधी बघा. बॅटरीचा शत्रू उष्णता आहे. उन्हात गाडीत चार्जिंगला लावलेला फोन एकतर भरणं थांबवतो, नाहीतर भरत राहून बॅटरीचं आयुष्य खातो.

आयपी६८ म्हणजे साधी धूळ आत शिरत नाही आणि फोन ठरावीक खोलीपर्यंत स्वच्छ पाण्यात टिकतो, इतकंच. ब्लोअरच्या फवारणीतलं औषध किंवा गंधकाची धूळ त्या चाचणीत नसते, आणि पाणी शिरल्याचा दोष बहुतेक वॉरंट्यांत धरत नाहीत. फवारणीच्या दिवशी झिपची पिशवी बरी. बोटाला भेगा असतील तर ठसा ओळखणाऱ्या पडद्याखालच्या ऑप्टिकल सेन्सरपेक्षा बाजूच्या बटणातला सेन्सर बरा चालतो. एकच बोट दोनदा नोंदवा. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते मात्र विचाराच. बँकेची ॲप त्याच फोनवर चालवायचीत आणि या भावात काही कंपन्या आता सहा वर्षं देतात.

आता लॅपटॉप. 'आय५' हे काही एकाच प्रोसेसरचं नाव नाही. आय५-१३३५यू मध्ये दोन जोरकस कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आणि आठ काटकसरी कोअर असतात. आय५-१३४२०एच मध्ये चार जोरकस आणि चार काटकसरी. पहिला १५ वॉटचा, बॅटरी टिकवणारा. दुसरा ४५ वॉटचा, काम ओढणारा पण पंखा घोंगावणारा. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर फसवणूक नावातच आहे. ७००० मालिकेत तिसरा अंक पिढी सांगतो, आणि पिढ्यांचं नाव झेन. ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन २, चार कोअर, ग्राफिक्स नावापुरतं आणि रॅम नेहमीच बोर्डाला चिकटवलेली. ७५३०यू झेन ३, ७५३५ झेन ३+, ७६४० झेन ४. दुकानात तिन्ही-चारी 'रायझन ५' म्हणूनच मांडलेले असतात. ७५२०यू असेल तर कितीही सवलत असो, पुढच्या लॅपटॉपकडे वळा.

दुकानदार १६ जीबी म्हणतो ते बरोबरच आहे. अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), त्यातला एम्युलेटर म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, आणि ब्राउझर एकदम उघडले की ८ जीबीचा दम तिथेच संपतो. पण १६ म्हणजे कशी १६? ८ + ८ च्या दोन पट्ट्या असतील तर रॅम दुहेरी वाटेनं चालते. एकच पट्टी असेल तर प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला चांगलाच फटका बसतो, कारण ते रॅमच वापरतं. चिकटवलेली रॅम असेल तर १६ च्या खाली घेऊ नका, नंतर काहीच करता येत नाही. दुकानात चालू लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा, 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. '२ पैकी १' असेल तर पुढे पट्टी टाकायला जागा आहे. एसएसडीचं, म्हणजे लॅपटॉपच्या स्टोरेजचं, उलट. ५१२ घेतलं आणि बोर्डावर दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) असेल तर १ टीबीसाठी आज जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

गेमिंग लॅपटॉपवाल्यांना उत्तर: या बजेटमध्ये ४ जीबी मेमरीचं आरटीएक्स कार्ड (एनव्हिडिया कंपनीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड) घेतलं की पैसे पडद्यातून, बॅटरीतून आणि वजनातून वसूल होतात. कोडिंगला कार्ड लागत नाही. मशीन लर्निंगला एनव्हिडिया लागतं हे खरं, पण तिथवर पोचल्यावर ४ जीबी अपुरीच पडते, आणि शिकण्यापुरतं गूगल कोलॅब या वेबसाइटवर फुकट जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, वापरायला मिळतं. मॅकबुकवाल्यांना उत्तर: एअरची बॅटरी आणि पडदा उत्तमच आहे, कॉम्प्युटर शाखेला चालतोही. मात्र रॅम आणि एसएसडी दोन्ही बदलता येत नाहीत, त्यामुळे स्वस्तात मिळणारा ८ जीबी-२५६ चा तुकडा चार वर्षांना पुरणार नाही. मुलगी मेकॅनिकलला असती तर सॉलिडवर्क्समुळे (मॅकवर न चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर) विषयच संपला असता. स्नॅपड्रॅगन या फोनसारख्या प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवर प्रयोगशाळेतल्या जुन्या यूएसबी उपकरणांचे ड्रायव्हर अडतात, तेव्हा विद्यार्थ्यानं सध्या लांब राहिलेलं बरं. 'एआय पीसी'साठी वेगळे पैसे अजिबात नकोत.

पडद्यात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर रंग फिके. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो याची मापं, आणि हा आकडा एसआरजीबीच्या साधारण ६२ टक्के. १०० टक्के एसआरजीबी आणि निदान ३०० निट्स मागा. चार वर्षं त्याच काचेकडे बघायचंय. बॅटरी एमएएचमध्ये मोजू नका, वॉट-तासात विचारा. ४२ आणि ५५ यांत कॉलेजचा अख्खा तास-दीड तास जातो. हॉस्टेलवर दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय चालू करा.

एक गोष्ट घरची. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येत असतील तर बहुतेक वेळा दोष लॅपटॉपचा नसतो, सॉकेटला अर्थिंग नसतं. चार्जर बदलून मागण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासा, आणि तीन पिनांची पिन तोडून दोन पिनांत बसवू नका.

वॉरंटी ऑनसाइट आहे की सेंटरला नेऊन द्यायची, हे कंपनीच्या वेबसाइटवर ४१६४१६ आणि ४१६३१२ असे सांगली आणि तासगावचे दोन्ही पिनकोड टाकून बघा. सांगलीला मिळणारी सेवा तासगावला मिळेलच असं नाही, आणि नसेल तर कीबोर्डच्या एका बटणासाठी कोल्हापूरची फेरी पडते.

दोन-तीन मॉडेल निवडली की त्यांचा पूर्ण मॉडेल नंबर इथे टाका, शेवटच्या अक्षरांसकट. एकाच नावाखाली एक चिकटवलेल्या रॅमचा आणि दुसरा सुट्या पट्टीचा निघतो, आणि नुसत्या मालिकेच्या नावावरून ते सांगता येत नाही.