आंघोळीला गेलीस तेवढ्यात

मावशी,

आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. लेक बावीस महिन्यांची आहे. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी नारायणगावच्या पुढे एका कृषी पर्यटन केंद्रावर हुरड्याला गेलो होतो. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. चाकणला दीड तास अडकलो, त्यात ती ओकली, तिथूनच बिनसलं.

तिच्या खाण्याची आबाळ नको म्हणून मी सगळं बरोबर घेतलं होतं. छोटा मिक्सर, इंडक्शन, लहान कुकर, नाचणीसत्त्व, मूगडाळ-तांदळाची भरड, तिची ताटली, तिची खुर्ची. दोन्ही दिवस वेळच्या वेळी ताजं करून दिलं. तरी माझ्या हातचे दहा घाससुद्धा तिने खाल्ले नाहीत. कोंबड्या दाखवल्या, मोबाइलवर गाणी लावली, वाटी घेऊन अख्ख्या मळ्यात तिच्यामागे फिरले. नवऱ्याने एकदा भरवायला घेतलं, पण निम्मं सांडलं, म्हणून मीच परत घेतलं. रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले होते तेवढ्यात तिथल्या मालकांच्या आईंनी तिला दुधात भाकरी कुस्करून दिली म्हणे. मला नंतर कळलं. हात तरी धुतले होते की नाही कोण जाणे. सासूबाईंचं दोन दिवस एकच, ‘आमची मुलं अशीच वाढली.’

सगळे बैलगाडीतून फिरून आले, शेततळ्याच्या काठावर फोटो काढले, मी खोलीत पेज शिजवत होते. परत येताना नवरा म्हणाला, ‘तुझ्यापायी सगळ्या सहलीचा विचका झाला.’ तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. डॉक्टर म्हणतात वजन व्यवस्थित आहे, पण मला चैन पडत नाही. चूक कोणाची ते सांगा. आणि मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत आम्ही कुठे जायचंच नाही का?

— एक आई

बाळ,

चूक कोणाची ते सांगते. पण आधी तू मला सांग, त्या आजींनी दिलेली भाकरी तिने किती खाल्ली?

तुझ्या पत्रात ते कुठेच नाही. तुझ्या हातचे घास तू मोजलेस. चाकणला किती वेळ गेला ते मोजलंस. नवऱ्याने किती सांडलं तेही तुझ्या लक्षात आहे. आणि जी पोर आदल्या दिवसापासून तोंड उघडत नव्हती ती परक्या घरात, परक्या बाईपाशी काहीतरी खाते, तर ते चार घास होते की वाटीभर, तिने आणखी मागितलं का, हे तुला विचारावंसंच वाटलं नाही. तुला प्रश्न पडला तो हात धुतले होते का, हा.

हात धुवायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण पोर उपाशी आहे हे जर तुझं दुःख होतं, तर ती जेवली हे कळल्यावर तुझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली, आणि मला तिच्यात रुसवा दिसला. माझ्या हातचं खात नाही आणि तिच्या हातचं खाते! हे वाटणं अगदी माणसासारखं आहे, त्याची लाज बाळगू नकोस. पण त्याला ‘मुलीची काळजी’ असं नाव देऊ नकोस.

मी त्या ओट्यावर नव्हते, पण तिथे काय झालं असेल याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. थंडीची सकाळ. त्या बाजूला या दिवसांत घरोघर बाजरीची भाकरी असते. आजींनी आपली भाकरी दुधात कुस्करली असेल, पोर समोर येऊन उभी राहिली असेल, आजींनी एक घास तिच्यापुढे धरला असेल आणि पुन्हा आपलं खाणं चालू ठेवलं असेल. हिने खाल्लं तर ठीक, नाही खाल्लं तर कोंबड्या आहेतच. आजींचं त्यात काही अडलेलं नव्हतं. पोरीने खाल्लं म्हणून कोणी त्यांची पाठ थोपटणार नव्हतं, आणि न खाल्लं म्हणून सूनबाई काय करतात असं कोणी विचारणार नव्हतं. बावीस महिन्यांच्या मुलाला बोलता फारसं येत नसेल, पण वाटी घेऊन येणारं माणूस निवांत आहे की धास्तावलेलं, हे त्याला लांबूनच कळतं. तू आलीस की तुझ्या लेकीचा पेपर सुरू होतो. ती बिचारी कोरा देऊन मोकळी होते.

आता वजनाचं. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वेळच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते. आज दीड पोळी, उद्या चार द्राक्षं आणि बिस्किटाचा तुकडा, परवा पुन्हा वरणभाताचा फडशा. या वयात हे असंच चालतं. तुझे डॉक्टर वजन ठीक आहे म्हणतात, म्हणजे ते काटा बघून म्हणतात, तुझं मन राखायला नाही. मूल खेळतंय, पाणी पितंय, शू नेहमीसारखी होतेय, तर एक जेवण चुकल्याने धडधाकट मुलाला काही होत नाही. मलूल पडलं, ताप आला, शू कमी झाली, तर डॉक्टरकडे जायचं, आणि तेव्हाही मिक्सरचा काही उपयोग नसतो.

मिक्सरवर मला थोडं बोलू दे, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. वर्षाच्या पुढचं मूल घरात शिजतं तेच खाऊ शकतं, तिखट-मीठ बेताचं ठेवलं की झालं. तुझ्या लेकीला दात आहेत. नारायणगाव ज्या जुन्नर तालुक्यात येतं, त्याला सरकारने 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, आता शेतकऱ्याच्या घरची चुलीवरची भाकरी आणि वरणभात पैसे मोजून मिळतो. तू ते पैसे मोजलेस आणि खोलीचं दार लावून पेज शिजवत बसलीस. शेतावरच्या विजेवर इंडक्शन चाललं कसं, हेच मला नवल वाटतं.

नवऱ्याचं गाडीतलं वाक्य वाईट होतं. त्याने त्याबद्दल माफी मागायला हवी, आणि तेवढ्यावर मी त्याला सोडते, कारण त्याने वाटी घेतली होती. निम्मं सांडलं म्हणजे निम्मं पोटात गेलं, बाळ. दोन दिवसांतला तुमच्या घरातला सगळ्यात यशस्वी प्रयोग तो होता, आणि तू तो मध्येच बंद पाडलास. मग तो आगटीपाशी जाऊन बसला असेल तर मला त्याचं फार आश्चर्य वाटत नाही. ज्या माणसाच्या हातून एकदा वाटी काढून घेतली तो दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही. आणि मग आपण म्हणायचं, याला काही पडलेलीच नसते.

सासूबाईंना माझ्याकडून पाठिंबा मिळेल असं तुला वाटत असेल, तर तो मिळणार नाही. ‘आमची मुलं अशीच वाढली’ हे ज्यांची वाढली त्याच आया म्हणतात.

म्हणून काळजी सोड असं मी तुला सांगणार नाही. तुझ्याकडे काळजीचा साठा भरपूर आहे, तो तू चुकीच्या जागी रिकामा केलास. तुझ्या पत्रात शेततळं फोटोपुरतं आलंय. ते शेततळं म्हणजे काय हे तुला माहीत आहे का? 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर ती गावोगाव झाली. आत प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी उतार. तो कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा आधाराला दोर नसेल तर वर चढू शकत नाही. तिथे कुंपण होतं का, फाटक बंद होतं का, काठावर फोटो काढताना पोरीचा हात कोणाच्या हातात होता? यातलं काही तुला ठाऊक नाही, कारण तू पेजेला उकळी आणत होतीस.

हुरड्याचंही तसंच. हुरड्याबरोबर भाजलेले शेंगदाणे असतात, रेवडी असते, आणि जानेवारीत त्या बाजूला द्राक्षं सुरू होतात. या वयाच्या मुलाच्या घशात अख्खा शेंगदाणा किंवा अख्खं द्राक्ष अडकलं तर श्वास कोंडतो. द्राक्ष उभं चिरून द्यायचं, शेंगदाण्याचं कूट करून द्यायचं, रेवडी द्यायचीच नाही. वेलीवरचं द्राक्ष तोडून सरळ तोंडात घालायचं नाही, मालकांना शेवटची फवारणी कधी झाली ते विचारायचं आणि मग धुऊन घ्यायचं. दुधाबद्दल विचारायचंच होतं, तर तापवलेलं होतं का, एवढं विचारायचं. आणि कुकडीच्या कालव्यांमुळे त्या भागात बारमाही ऊस आहे, त्या उसात बिबट्यांचं बस्तान आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. दिवस मावळायला लागला की लहान मुलाला अंगणात मोकळं सोडायचं नाही, उसाच्या कडेला तर अजिबात नाही. वाटी घेऊन तिच्यामागे अख्ख्या मळ्यात फिरलीस ना? ती वेळ कोणती होती?

चूक कोणाची, ते आता तुझं तुला कळलं असेल. तीन-चार वर्षं कुठे जायचं नाही का, याचं उत्तर असं की पंधरा दिवसांच्या आत त्याच ठिकाणी परत जायचं. दुसरीकडे कुठे नाही, तिथेच. मिक्सर, इंडक्शन, कुकर, भरड, सगळं घरी राहील. तिची एक ताटली ने, हवं तर. पहाटे साडेपाचला निघा म्हणजे चाकण मोकळं मिळेल आणि पोर गाडीत झोपेल. आजींना भेटल्यावर पहिल्यांदा ‘त्या दिवशी हिने किती खाल्लं हो?’ एवढं विचार. त्यांना चांगलं आठवत असेल.

आणि शनिवारी दुपारचं जेवण वाढलं की तू तिथून उठायचंस. लेक, ताटली आणि वरणभात हे तिच्या बाबाच्या ताब्यात. सासूबाईंनी मध्ये पडायचं नाही, हे त्यांना आधीच त्यांच्या मुलाने सांगायचं, तू नाही. तू बैलगाडीत जाऊन बस, मागच्या वेळची तुझी फेरी तशीही राहिली आहे. मोबाइल खोलीत ठेव. गाडीवानाला म्हणावं, सावकाश ने, लांबून ने. परत आल्यावर ‘किती खाल्लं’ हे विचारायचं नाही. आजींना विचारायला सांगितलं आणि नवऱ्याला विचारू नको म्हणते, यात विसंगती आहे असं तुला वाटेल. ती नाही. आजींना विचारशील ते ऐकण्यासाठी, नवऱ्याला विचारशील ते तपासण्यासाठी. तेवढा फरक तुला चांगला कळतो.

तिने काहीच खाल्लं नसेल, असंही होईल. मग चार वाजता तिला भूक लागेल आणि ती कोणाच्या तरी ताटापाशी जाऊन उभी राहील. त्या ‘कोणाच्या तरी’मध्ये तू असशील तर आपलं आपण जेवत राहा.

फोन आजच कर. ज्वारी निबर झाली की हुरडा संपला. आणि तुम्ही दोघं कामापुरतंच बोलताय ना, तर हेही कामाचंच आहे. त्याला एवढंच सांग, ‘शनिवारी दुपारी तू भरवायचंस, मी तिथे नसेन.’ तो चमकून बघेल. सांडलं तर, असं विचारेल. सांडलं तर पुसायचंही त्यानेच.

— मावशी