विंडोजची 'बस १०' आणि लिनक्सची 'बस ०ए': एकाच कार्डाचा पत्ता

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयातील एका संगणकावर विंडोज ११ आणि उबंटू अशा दोन्ही प्रणाली आहेत. त्यात इंटेल आय२१० ची दोन एकसारखी नेटवर्क कार्डे बसवली आहेत आणि त्यांपैकी एक व्हर्च्युअल मशीनमधील (संगणकातच सॉफ्टवेअरने चालणाऱ्या आभासी संगणकातील) फायरवॉलला कायमचे देऊन टाकायचे आहे. विंडोज ही कार्डे बस १० आणि ११ वर दाखवते, तर लिनक्स ०ए आणि ०बी वर. यांतले खरे कोणाचे मानायचे, आणि बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर न उतरवता खात्री कशी करायची, हे आपल्याला हवे आहे.

दोघांचेही खरे आहे. पीसीआय म्हणजे मदरबोर्डवर कार्डे जोडण्याची व्यवस्था. तिच्या पत्त्याचे तीन भाग असतात: बस (कार्ड ज्या मार्गावर आहे तो), डिव्हाइस (त्या मार्गावरील उपकरण) आणि फंक्शन (त्या उपकरणातील एकेक कार्य). बसला ८ बिट मिळतात, म्हणजे ० ते २५५. डिव्हाइसला ५ बिट, म्हणजे ० ते ३१. आणि फंक्शनला ३ बिट, म्हणजे ० ते ७. लिनक्स हा पत्ता हेक्स पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पटीत मोजून लिहिते आणि त्याच्या आधी डोमेनचा, म्हणजे बसच्या संपूर्ण गटाचा, आकडा जोडते. म्हणून आपल्याला ००००:०ए:००.० असे दिसते. विंडोज तोच पत्ता नेहमीच्या दशमान पद्धतीत 'पीसीआय बस १०, डिव्हाइस ०, फंक्शन ०' असा दाखवते. हेक्समधला ए म्हणजे दहा आणि बी म्हणजे अकरा. ए किंवा बी असे अक्षर दिसले की निदान शंका तरी येते. खरा धोका निव्वळ अंकांचा आहे, कारण लिनक्सच्या पत्त्यातील बस १० म्हणजे विंडोजची बस १६, आणि तिथे चूक सहज नजरेतून सुटते.

याहून फसवी गोष्ट अशी की खुद्द लिनक्समध्येही दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. आपल्या पहिल्या कार्डाचे नाव ईएनपी१०एस० असे असेल, आणि त्या नावातला १० हा दशमान आहे. त्याच कार्डावर ईथटूल ही नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड डॅश आय या पर्यायासह चालवली, तर 'बस-इन्फो' या ओळीत मात्र ००००:०ए:००.० असे हेक्समध्ये येते. व्हर्च्युअल मशीनची मांडणी ज्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेली असते, तिच्यात बसचा आकडा हेक्समध्ये लिहिताना त्याच्या आधी ०एक्स हे चिन्ह लावावे लागते. ते चिन्ह विसरून नुसते १० लिहिले तर तो दशमान धरला जातो. म्हणून पत्ता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरवताना प्रत्येक वेळी पद्धत कोणती, हे स्वतःला विचारून मगच आकडा लिहावा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. पहिल्याच 'जनरल' पानावर 'लोकेशन' या शब्दापुढे हा पत्ता असतो. नेटवर्क कार्डांसाठी त्याहून सोयीची वाट पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत) आहे: 'गेट-नेटअ‍ॅडॅप्टरहार्डवेअरइन्फो' ही एकच आज्ञा दिली की सगळ्या कार्डांची सेगमेंट, बस, डिव्हाइस आणि फंक्शन एका तक्त्यात येतात आणि पीसीआय एक्सप्रेस जोडणीची गती व रुंदीही कळते. लिनक्स ज्याला डोमेन म्हणते त्यालाच विंडोज सेगमेंट म्हणते. साध्या संगणकावर तो आकडा बहुधा शून्यच असतो.

उबंटूमध्ये टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही पीसीआय उपकरणांची यादी देणारी कमांड चालवा आणि त्याला डॅश एनएन हा पर्याय द्या. आपल्या दोन्ही कार्डांच्या ओळींच्या शेवटी चौकटी कंसात ८०८६:१५३३ असे दिसेल. ८०८६ हा इंटेलचा क्रमांक आहे आणि १५३३ हा आय२१० चा. दोन्ही ओळींत तो अगदी सारखाच असेल, आणि आपला गोंधळ इथेच होतो आहे असे मला वाटते: हा क्रमांक वस्तू कोणत्या जातीची ते सांगतो, आपल्या हातातली नेमकी कोणती ते सांगत नाही. नेमकी कोणती, हे बसचा पत्ताही सांगत नाही. तो फक्त वस्तू कुठे बसली आहे ते सांगतो. दोन सारख्या कार्डांना वेगळे ओळखवणारी गोष्ट म्हणजे त्यांचा मॅक पत्ता (कारखान्यातच प्रत्येक कार्डाला दिलेला स्वतंत्र क्रमांक), जो दोन्ही प्रणालींत तोच राहतो.

बसचा आकडा म्हणजे कार्डाचे कायमचे नाव, असे समजण्याची चूक मी स्वतः केली आहे. एका ओळखीच्या कार्यालयातील सर्व्हरवर मी ईएनपी३एस० हे नाव नेटवर्कच्या फाइलमध्ये लिहून ठेवले होते. काही महिन्यांनी त्यात एक एनव्हीएमई डिस्क (पीसीआय एक्सप्रेसवरच बसणारी वेगवान डिस्क) वाढवली, संगणक पुन्हा सुरू झाला, आणि तेच कार्ड, त्याच स्लॉटमध्ये असूनही, ईएनपी४एस० झाले. फाइलमधले नाव कोणालाच लागू होईना, त्यामुळे सर्व्हरला पत्ताच मिळाला नाही, आणि दुरून आत शिरण्याची वाट बंद झाल्याने मला प्रत्यक्ष जाऊन कीबोर्ड जोडावा लागला. कारण साधे होते. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटच्या मागे एक ब्रिज, म्हणजे दोन बसना जोडणारा दुवा, असतो, आणि संगणक सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर) एकेका ब्रिजपाशी जाऊन त्याच्या पलीकडच्या बसला पुढचा आकडा देत जाते. मध्येच एक नवा ब्रिज जागा झाला की त्यानंतरचे सगळे आकडे एकेक घर पुढे सरकतात.

म्हणून नोंद ठेवायची असेल तर बसच्या आकड्याऐवजी वाट नोंदवा. विंडोजमध्ये प्रॉपर्टीजच्या 'डिटेल्स' पानावरील यादीतून 'लोकेशन पाथ्स' निवडले की पीसीआयरूट(०)#पीसीआय(१सी०४)#पीसीआय(००००) अशा धर्तीची ओळ दिसते. तिचा अर्थ असा की मुळापासून निघा, १सी क्रमांकाच्या डिव्हाइसच्या ४ क्रमांकाच्या फंक्शनवरील ब्रिज ओलांडा, म्हणजे कार्ड सापडेल. या ओळीत बसचा आकडा कुठेच नसल्याने तो सरकला तरी ओळ टिकते. येथील आकडे मात्र विंडोज हेक्समध्ये लिहिते, हे ध्यानात असू द्या. लिनक्समध्ये एलएसपीसीआयला मोठ्या लिपीतला पी हा पर्याय दिला की हीच वाट मिळते, आणि छोट्या टीने सगळे झाड फांद्यांसह समोर येते.

पत्ता कागदावर जुळला तरी प्रत्यक्षात कोणते कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यासाठी ईथटूलला छोट्या लिपीतला पी हा पर्याय, कार्डाचे नाव आणि सेकंदांचा आकडा द्या. आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावायला विसरू नका. तेवढा वेळ त्या कार्डाच्या नेटवर्क केबलजवळचा दिवा लुकलुकत राहतो. संगणकाच्या मागे वाकून तो दिवा पाहा आणि त्याच क्षणी त्या कार्डाच्या पट्टीवर मॅक पत्त्याची शेवटची चार अक्षरे लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. हे कार्ड व्हर्च्युअल मशीनला देण्याआधीच उरका, कारण एकदा ते व्हीएफआयओ चालकाकडे (कार्ड मशीनच्या हवाली करणाऱ्या ड्रायव्हरकडे) गेले की यजमान प्रणालीत, म्हणजे उबंटूत, त्याचे नावच उरत नाही. डीएमआयडीकोड या मदरबोर्डची माहिती वाचणाऱ्या कमांडच्या नवव्या प्रकारातही स्लॉटचे नाव आणि बसचा पत्ता शेजारी मिळतो, पण ती माहिती मदरबोर्ड बनवणाऱ्याने भरलेली असते आणि ती नेहमी बिनचूक असतेच असे नाही. दिव्यावर माझा जास्त विश्वास आहे.

आणखी एक तपासणी आपल्या कामासाठी अटळ आहे. बायोसमध्ये व्हीटी-डी (उपकरण थेट मशीनला देण्याची इंटेलची सोय) चालू असेल तर लिनक्सच्या सिस या फोल्डरातील फाइलींत, पीसीआय उपकरणांच्या फोल्डरमध्ये, ००००:०ए:००.० या नावाच्या फोल्डरात आयओएमएमयू_ग्रुप नावाचा दुवा असतो; एकमेकांपासून वेगळी न करता येणारी उपकरणे अशा एका गटात असतात. त्याच्या आत याच कार्डाखेरीज ०बी वरचे कार्डही दिसले, तर ती दोन्ही एका गटात आहेत आणि त्यांतले एकटे मशीनला देता येणार नाही. तेव्हा एक कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून पाहा.

यूएसबीचा आपण ओझरता उल्लेख केला आहे, म्हणून तेवढेच सांगतो. एलएसयूएसबी या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या लिनक्स कमांडमधील 'डिव्हाइस' हा आकडा वस्तू काढून पुन्हा लावली की बदलतो, त्यावर काहीही अवलंबून ठेवू नका. डॅश टी पर्यायाने झाड काढून ओळीच्या शेवटचा वेग पाहा: यूएसबी ३ ची बाह्य डिस्क असूनही तिथे ५०००एम ऐवजी ४८०एम दिसले, तर ती यूएसबी २ च्या वेगाने जोडली गेली आहे आणि आधी केबल बदलून पाहणे योग्य.

ड्रायव्हर किंवा हार्डवेअर शोधून देण्याचे आश्वासन देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून कृपया दूर राहा. वर सांगितलेले जवळजवळ सर्व काही या दोन प्रणालींत आधीपासून आहे. आपण दोन्ही कार्डांच्या 'लोकेशन पाथ्स'च्या ओळी आणि त्या आयओएमएमयू गटातील नावे इथे लिहून पाठवलीत, तर कोणते कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये हलवावे हे मी पाहून सांगेन.