फुकट मिळणारा कारवान आणि डिसेंबरचा शेवटचा हप्ता

ताई नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंचं गुहागरजवळ तीन खोल्यांचं होमस्टे आहे, सोबत हापूसची थोडी कलमं. पुण्याकडच्या एका शेल्टरमध्ये त्यांनी तीन वर्षांचा कारवान जातीचा नर कुत्रा बघितलाय, 27 किलोचा. स्वभाव असा की हाक मारली तरी मनात असेल तरच येतो, आणि कोणी आवाज चढवला की दिवसभर कोपऱ्यात जाऊन बसतो, जेवतही नाही. ताईंचा जीव त्याच्यावर जडलाय. हातात 2,40,000 रुपये शिल्लक आहेत, त्यातले 1,60,000 घालून सगळ्या जागेला चिऱ्याचं कंपाउंड करायचं आणि पावसाआधी त्याला घरी आणायचं असा बेत. मिस्टर म्हणतात कुत्रा फुकट मिळतोय, घरातलं उरलंसुरलं खाईल, खर्च तो काय. ताईंनी स्वतः महिना 3,000 धरलेत.

माझं उत्तर आधीच सांगतो: आणा, पण जूनमध्ये नको, जानेवारीत आणा. आणि चिऱ्याचं कंपाउंड अजिबात करू नका.

आता का ते. तुम्ही आकडे दिलेत म्हणून बरं झालं. होमस्टेचे खर्च वजा जाता 3,60,000 आणि आंब्याचे 90,000, म्हणजे वर्षाला साडेचार लाख हातात येतात. घरखर्च महिना 26,000 (मुलीची एसआयपी, म्हणजे दरमहाची म्युच्युअल फंडातली गुंतवणूक, त्यातच आहे, तिला कुठल्याही परिस्थितीत हात लावायचा नाही) आणि खोल्यांच्या कर्जाचा हप्ता 9,500, मिळून 35,500, वर्षाचे झाले 4,26,000. म्हणजे अख्ख्या वर्षात तुमच्याकडे उरतात फक्त 24,000. आता कुत्र्याचा खर्च बघा. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला चिकन, भात, अंडी, सोबत थोडं चांगलं ड्राय फूड असं धरलं तर साडेचार हजाराच्या खाली जात नाही. गोचिडांच्या गोळ्या वजनाच्या गटाप्रमाणे येतात, म्हणजे मोठ्या कुत्र्याची गोळी महाग. जंताचं औषध, रेबीजचं आणि बाकीची वार्षिक लसीकरणं, त्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पावसात साचलेल्या पाण्यातून पसरणारा ताप) लस आपल्याकडे पावसात चुकवून चालतच नाही, अधूनमधून डॉक्टर. हे सगळं बारा महिन्यांवर वाटलं की 6,500 येतात. वर्षाचे 78,000. उरतात 24,000 आणि जाणार 78,000, म्हणजे दरवर्षी 54,000 चा खड्डा, आणि तो तुम्ही शिलकीतून भरत बसणार.

पण तुम्ही पत्रात शेवटी सहज लिहून गेलात की कर्ज डिसेंबरला फिटतंय. अहो, सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे! हप्ता थांबला की वर्षाला 1,14,000 मोकळे होतात, उरणारी रक्कम 1,38,000 वर जाते, त्यातून कुत्र्याचे 78,000 काढले तरी 60,000 राहतात. तोच कुत्रा, तेच घर. जूनमध्ये तो परवडत नाही आणि जानेवारीत परवडतो.

दुसरं म्हणजे जून ते सप्टेंबर तुमच्याकडे पाहुणे जवळजवळ नसतात. चार महिन्यांचे 1,42,000 त्याच शिलकीतून जाणार आहेत. म्हणजे 2,40,000 मधले खरे मोकळे 98,000 च आहेत, त्यातून 1,60,000 चं कंपाउंड होतच नाही, मग सोनं गहाण टाकायची वेळ येते, आणि तेही ऐन पावसात.

कुंपणाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण कारवानाच्या बाबतीत खरा मोठा खर्च हाच. ही शिकारी जात, नजरेने सावज टिपून पळणारी, आणि धावत्या जनावरामागे एकदा सुटला की तुमची हाक त्याच्या कानावर पडत नाही. तुमच्या वाडीला जो गडगा आहे तो तीन-चार फुटांचा असणार, तो त्याच्यासाठी एक उडी. आणि शेजारी गावठी कोंबड्या आहेत हे तुम्हीच लिहिलंय. एक कोंबडी मारली तर भरपाई काही शे रुपयांची, पण तलंगेवरून सुरू झालेलं शेजाऱ्यांचं भांडण वाडीत किती वर्षं चालतं ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणून कुंपण हवंच, पण सगळ्या जागेला नको. मागच्या परसात 40 बाय 50 फुटांचा तुकडा घ्या, म्हणजे 180 रनिंग फूट, सहा फुटी चेनलिंक जाळी आणि पोल, मजुरी धरून अडीचशे रुपये फूट पकडा, 45,000 मध्ये काम होतं. घराची मागची भिंत एका बाजूला वापरता आली तर अजून कमी. जाळी खाली फूटभर पुरून घ्या, ही जात उकरतेही. आणि जाळीच्या कडेचे सुटे दगड, पाचोळा काढून टाका, रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं किती ते वेगळं सांगायला नको. काम नोव्हेंबरमध्ये करा, जमीन ओलसर असते पण पाऊस गेलेला असतो, पोल नीट बसतात. रात्री मात्र तो त्या जाळीत नको, घरातच, दार लावून. बिबट्याला सहा फूट म्हणजे काहीच नाही.

मग 98,000 मधून 45,000 गेले, राहिले 53,000. त्यातले 40,000 कुत्र्याचा इमर्जन्सी फंड म्हणून वेगळ्या बचत खात्यात ठेवा, डेबिट कार्ड असलेल्या. शेअरमध्ये नको, लॉक असलेल्या एफडीत नको. कारण खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर काही तासांत ऑपरेशन लागतं. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना लसीला, जखमेला चांगला आहे, पण रात्री अकरा वाजता तुम्हाला गाडी करून आधी चिपळूण आणि तिथे सोय नसेल तर कुंभार्ली घाट चढून कराड-कोल्हापूर नाहीतर पुणं गाठावं लागेल. गाडीभाडं, ऑपरेशन, दोन दिवस ॲडमिट, 40,000 यात भुर्रकन जातात. एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा: या अंगाने सडपातळ शिकारी जातींना भुलीची काही औषधं जड जातात, थायोपेंटोनसारखी, उतरायला खूप वेळ लागतो. कुठल्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांना स्वतःहून सांगा की कारवान आहे.

उरलेले 13,000 पुण्याहून आणणं, पहिली तपासणी, रक्ताच्या टेस्ट, अंथरूण, आणि पट्टा. पट्टा साधा नको, यांची मान डोक्यापेक्षा फार बारीक नसते, घाबरला की मागे सरकून सहज निसटतो. रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या, म्हणजे ओढ बसली की थोडा आवळणारा.

पेट इन्शुरन्स काढावा का विचारलंत. भारतात आता कुत्र्यांचा विमा मिळतो, पण आधीपासूनचे आजार बाहेर ठेवतात, वयाची अट असते, आणि शेल्टरच्या कुत्र्याच्या वयाचा दाखला पशुवैद्याकडून लिहून घ्यावा लागतो. माझ्या मते तुमच्यासाठी त्यातला एक भाग कामाचा आहे, काही पॉलिसींत मिळणारं थर्ड पार्टी लायबिलिटी कव्हर, म्हणजे कुत्र्याने दुसऱ्या कोणाला इजा केली तर भरपाईचं संरक्षण. तुमच्याकडे अनोळखी माणसं राहायला येतात, त्यांची पोरं झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर हात टाकणार, आणि हा हळवा कुत्रा दचकून दात लावू शकतो. प्रीमियम बघून ते कव्हर जमत असेल तर घ्या. विमा असो नसो, पाहुण्यांच्या बाजूला आणि त्याच्या बाजूला कायमचं दार हवं, बुकिंग घेतानाच "घरात मोठा कुत्रा आहे, त्याला हात लावू नये" असं सांगून टाका. थोडी बुकिंगं जातील. जाऊ देत. (आणि मिस्टरांना सांगा, पशुवैद्याचा खर्च इन्कम टॅक्सच्या वैद्यकीय वजावटीत धरता येत नाही, तो हिशोब मनातून काढून टाका.)

जानेवारीच का, डिसेंबरात का नको, तर नाताळ-थर्टीफर्स्टची गर्दी, फटाके, गाण्यांचा दणका यात त्याला आणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. पाहुणे परतले, घर शांत झालं की आणा. मे महिन्याच्या गर्दीपर्यंत चार महिने मिळतात, तेवढे त्याला लागतीलच. तुम्ही गावाला, लग्नाला गेलात तर त्याला बघणारं माणूस या चार महिन्यांतच तयार करा, कारण असा कुत्रा बोर्डिंगमध्ये टाकला तर अन्न सोडतो. सासूबाईंना त्याचं जेवण घालणं जमेल का हे त्यांना आधी विचारा, आपण गृहीत धरतो आणि भार त्यांच्यावर पडतो.

पुढच्या वर्षीचे आंब्याचे पैसे मात्र पूर्ण पावसाळ्यासाठी राखून ठेवायचे. कारण या सगळ्यात तुमची घरची शिल्लक जवळजवळ संपणार आहे आणि जूनपर्यंत ती परत उभी करायचीय, हप्त्यातून वाचलेले वरचे 3,000 पण तिकडेच टाका. ऑक्टोबर ते डिसेंबर एक करून बघा, दर महिन्याला 6,500 त्या वेगळ्या खात्यात भरा. हप्ता चालू असताना हे ओढाताणीचं होईल हे मला कळतंय, पण तीन महिन्यांत निम्मे जरी जमले तरी जानेवारीत तुम्ही निश्चिंत असाल, आणि अजिबात नाही जमले तर मला परत लिहा, आपण तारीख पुढे ढकलू.

राहिला प्रश्न तोपर्यंत दुसऱ्या कोणी त्याला नेलं तर. ताई, तो तीन वर्षांचा आहे, अजून नऊ-दहा वर्षं जगेल, आजच्या भावाने सात लाखांच्या वर खर्च आहे, आणि शेल्टरमधून आलेल्या कुत्र्याला पैशाअभावी परत पाठवणं हे त्याला सगळ्यात जास्त मोडून टाकतं. त्यामुळे चांगलं घर आधी मिळालं तर त्याचं भलंच झालं, तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण आजच शेल्टरला फोन करा, जानेवारीचं सांगा, तोवर महिना-दोन महिन्यांनी जाऊन त्याला भेटत जा, एकदा मिस्टरांना आणि मुलीला घेऊन जा. त्याची लसीकरणाची आणि नसबंदीची कागदं, आधीच्या आजारांची फाईल, आणि गोचीड ताप कधी झाला होता का हे लेखी मागून घ्या, विम्यालाही तेच लागणार आहे.