गोठीत रेतमात्रा जुनी झाली म्हणून नाकारावी का?

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील काही दुग्धव्यावसायिकांनी विचारले आहे की, कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले रेत भरलेल्या बारीक नळीवर, म्हणजे कांडीवर, चार-पाच वर्षांपूर्वीची तारीख असल्यास ती रेतमात्रा वापरावी का, आणि अशा कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवण्यासाठी गटाने घेतलेल्या पात्रावर लक्ष कसे ठेवावे.

केवळ तारखेवरून कांडी नाकारू नये. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात शुक्रजंतूंची जैविक क्रिया जवळजवळ थांबलेली असते; ऑस्ट्रेलियात १९६८ मध्ये गोठवलेले मेंढ्याचे रेत पन्नास वर्षांनी ५६ मेंढ्यांना दिले, तेव्हा ३४ गाभण राहिल्या. खरा धोका मध्येच तुटलेल्या थंडीचा आहे. तापमान उणे १३० अंशांच्या वर चढू लागले की सूक्ष्म बर्फकण वाढून शुक्रजंतूंच्या आवरणाला इजा करू शकतात, ती इजा कांडी पुन्हा बुडवल्याने भरून येत नाही, आणि बाहेरून मात्र कांडी जशीच्या तशी दिसते. म्हणून पात्रातील नायट्रोजनच्या पातळीच्या नोंदवहीला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी कोरडी लाकडी पट्टी पात्राच्या तळापर्यंत घालावी, बाहेर काढून हवेत हलवावी आणि जिथवर पांढरे हिम धरेल ती पातळी तारखेसह लिहावी. पोकळ नळी कधीही वापरू नये, कारण तिच्यातून नायट्रोजन उसळून चेहऱ्यावर येतो. शक्य असल्यास पात्राचे वजनही करावे, एक लिटर द्रव साधारण ८०० ग्रॅम भरतो. आपल्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेत मानेपाशी थोडे दव दिसले तर घाबरू नये. मात्र तिथे बर्फ धरला, किंवा पातळी नेहमीपेक्षा झपाट्याने उतरली, तर पात्राच्या दुहेरी भिंतींमधील, थंडी टिकवणारी निर्वात पोकळी गेली असे समजून त्याच दिवशी कांड्या दुसऱ्या पात्रात हलवाव्यात. पात्र हवेशीर जागी ठेवावे, बूच घट्ट बसवू नये.

कांडी काढताना कॅनिस्टर, म्हणजे पात्रातील कांड्यांचा डबा, मानेच्या वर आणू नये, चिमट्याने काही सेकंदांतच काम उरकावे, आणि कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद वितळवावी.

म्हैस वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत असेल, तर आधी माजाची वेळ तपासावी, कारण म्हशीचा माज बहुधा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा, असतो व अनेकदा रात्री येतो. तरीही शंका राहिल्यास त्याच खेपेतील एक कांडी पशुवैद्यकाकडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावी. वितळवल्यानंतर किमान निम्मे शुक्रजंतू पुढे सरकताना दिसले नाहीत, तर ती खेप वापरू नये.