'पिक्चर स्टोन'ला वीरगळ म्हणावे का?

प्रश्न : स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील एका 'पिक्चर स्टोन'वरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. दगड 'अर्ली मेडिएव्हल' काळातला, एका 'ग्रेव्ह'मध्ये पुन्हा वापरलेला आणि आता 'लॉस्ट' असे मुळात आहे. 'मध्ययुगाच्या सुरुवातीचा, थडग्यात सापडलेला व हरवलेला वीरगळ' हे भाषांतर बरोबर ठरेल का?

उत्तर : नाही. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द थोडा थोडा घसरला आहे.

आधी मुख्य नाम. स्वीडिशमध्ये या दगडांना 'बिल्डस्टेन' म्हणतात. बिल्ड म्हणजे चित्र, स्टेन म्हणजे दगड. मराठीत 'चित्रशिळा' हा सरळ आणि पुरेसा शब्द आहे. 'शिळा' का, तर वस्तू खरोखर शिळाच आहे: गॉटलंडच्या चुनखडकाची थरांतून सुटून आलेली सपाट, पातळ फळी. काही जुन्या शिळा वालुकाश्माच्याही आहेत. 'शिल्प' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खोल कोरलेली मूर्ती येते. इथे आकृतीभोवतीची जमीन जेमतेम काही मिलिमीटर खाली नेलेली असते, किंवा नुसती रेघ खोदलेली असते. काही शिळांवर रंगाचे अंशही सापडले आहेत, त्यामुळे 'चित्र' हा शब्द वाटतो त्याहून जास्त नेमका आहे.

लिहिताना मात्र जोडूनच लिहा. टंकनात 'चित्र शिळा' असे तुटले, तर वाचक एखाद्या शिळ्या चित्राचा विचार करू लागेल. सामान्यरूप 'चित्रशिळेवर', 'चित्रशिळेचा'; अनेकवचन पुन्हा 'चित्रशिळा'.

'कातळशिल्प' आणि 'शिलाचित्र' हे दोन शब्द टाळायचे. कातळशिल्प म्हणजे रत्नागिरीच्या बारसू-उक्षीच्या सड्यावरचे, जागच्या कातळात खोदलेले. स्वीडनमध्येही तसा प्रकार आहे, तानुमची कांस्ययुगीन कातळशिल्पे. पण त्यांना तिकडेही वेगळे नाव आहे. कातळ उचलून कोणाच्या दफनात बसवता येत नाही, शिळा येते. प्रश्नातला सगळा प्रकार तिथेच सुरू होतो. रून लिपीतला (उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला) लेख हाच मुख्य असेल तर 'रूनशिळा' म्हणावे.

आता वीरगळ. मोह का होतो ते कळते. वीरगळ खालून वर वाचतात: तळाशी लढाई, मग अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. गॉटलंडच्या 8व्या-9व्या शतकांतल्या मोठ्या, भूछत्राच्या आकाराच्या शिळांवर बहुतेकदा खाली शीड उभारलेले जहाज असते आणि वर घोडेस्वार, त्याच्यासमोर पेयाचे शिंग धरलेली स्त्री. हे मृताचे वाल्हालातले, म्हणजे नॉर्स पुराणकथांतल्या वीरांच्या परलोकातले, स्वागत, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवरही जहाजे आहेतच. तुलना करावी, जरूर करावी. नाव मात्र देऊ नये. 'वीरगळ' हा शब्द (कन्नड 'कल्लु', म्हणजे दगड, त्यातून आलेला) लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक असे ठाम विधान करतो. गॉटलंडच्या 5व्या-6व्या शतकांतल्या शिळांवर मात्र मधोमध मोठे भोवरेदार चक्र, भोवती प्राणी आणि खाली वल्ह्यांची नाव असते. नेर गावच्या स्मिस इथल्या शिळेवर तर दोन्ही हातांत साप धरून बसलेली व्यक्ती आहे. तिला वीरगळ म्हणणे म्हणजे अर्थ आधी ठरवून मग दगड पाहणे.

'अर्ली मेडिएव्हल' हा या मजकुरातला खरा सापळा. इंग्रजीत लिहिणारा त्यातून साधारण 5वे ते 10वे शतक सुचवतो. स्कँडिनेव्हियाच्या कालगणनेत मध्ययुग सुरूच होते ते साधारण 1050च्या सुमारास, व्हायकिंग काळ संपल्यावर. त्याआधी स्थलांतरकाळ (सुमारे 400–550), वेंडेलकाळ (सुमारे 550–800) आणि व्हायकिंग काळ येतात. भारतीय इतिहासलेखनातले 'पूर्वमध्ययुग' पुन्हा तिसरेच. म्हणून विशेषण सोडून शतकच लिहा. मुळात शतक दिले नसेल, तर शिळेच्या घडणीवरून वरीलपैकी काळ ओळखता येतो: कुऱ्हाडीच्या पात्यासारखा माथा असेल तर जुनी, भूछत्रासारखा असेल तर नंतरची.

'थडगे' म्हणजे मराठीत जमिनीवर दिसणारे बांधकाम. कबर, समाधी हे शब्द आपापले धर्म घेऊन येतात. उत्खननाच्या मराठीत 'दफन' रुळला आहे, इनामगावच्या कुंभदफनांपासून. गॉटलंडलाही तोच चालेल. चुनखडकाच्या फळ्या उभ्या करून चौकट केली असेल तर 'शिळापेटी' म्हणावे. विदर्भातल्या जुनापाणी, माहुरझरीच्या 'शिळावर्तुळा'ला ते जुळतेही.

विभक्तीकडे विशेष लक्ष द्या. काही छोट्या चित्रशिळा मुळात दफनभूमीत खूण म्हणून उभ्या केल्या जात. मोठ्या शिळा वाटेकाठी, शेतांच्या हद्दींजवळ असत. म्हणजे 'दफनावरची चित्रशिळा' आणि 'दफनातली चित्रशिळा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत शिळा आपले मूळ काम करते आहे, दुसरीत ती कोणीतरी उपटून आणलेली आहे. 'थडग्यात सापडलेली' या रचनेत हा फरक बुडतो.

'पुनर्वापर' चूक नाही, पण आज त्याला प्लास्टिकच्या बाटल्यांचा वास येतो. 'पुन्हा वापरलेली' बरे. त्याहून बरे म्हणजे कशासाठी ते सांगणे: पेटीची बाजू, झाकण की तळफरशी. चर्चमध्येही असेच झाले. आठ पायांच्या घोड्याची आर्द्रे इथली प्रसिद्ध शिळा 1900च्या सुमारास तिथल्या चर्चच्या लाकडी जमिनीखाली, फरसबंदीत सापडली. पुन्हा वापरलेल्या शिळेला नेहमी दोन काळ असतात आणि भाषांतरात ते हमखास एक होतात. दफन 11व्या शतकातले असेल तर त्यावरून एवढेच कळते, की शिळा त्याहून अलीकडची नाही. ती दफनाहून 500 वर्षे जुनीही असू शकते. 'दफनातली 11व्या शतकातील चित्रशिळा' असे कधीही लिहू नये.

राहिला 'लॉस्ट'. 'लुप्त' परंपरा होते, 'नष्ट' म्हटले तर नाश झाल्याचा पुरावा हवा. नोंद आहे, रेखाटन आहे, पण वस्तूचा ठावठिकाणा नाही, याला दप्तरी मराठीत 'गहाळ' असा अगदी चपखल शब्द आहे. अशा शिळेचे वर्णन करताना 'दिसते'ऐवजी 'रेखाटनात दाखवले आहे' असे लिहावे. कारण झिजलेल्या उठावदार कोरीवकामात रेषा कुठे संपते हे पाहणाराच ठरवतो. स्वीडिश पुरातत्त्वज्ञ सूने लिंडक्विस्ट यांनी 1941–42च्या आपल्या चित्रशिळांच्या मोठ्या सूचीसाठी शिळांवरच्या रेषा रंगवून घेऊन मग छायाचित्रे काढली, आणि अलीकडच्या त्रिमितीय मोजणीत त्यातल्या काही रेषा वेगळ्या निघाल्या. उरलेल्या शिळांवर अशी फेरतपासणी करता येते, गहाळ शिळेवर नाही.

तर, शिळा 8व्या शतकातली व दफन 11व्या शतकातले आहे असे धरल्यास: 'गॉटलंडवरील 8व्या शतकातील चित्रशिळा, 11व्या शतकातील दफनात शिळापेटीची बाजू म्हणून पुन्हा वापरलेली, सध्या गहाळ, केवळ रेखाटनावरून ज्ञात.' बेटाचे स्वीडिश नाव ऐकायला 'गोतलांद'च्या जवळ आहे, पण मराठी नकाशांत 'गॉटलंड' रुळले आहे, तेच राहू द्या.