धाकट्याच्या सणात थोरलीची जागा

चि. सौ. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. गणपतीला चिपळूणजवळच्या सासरी जायचे आहे, तिथेच बाळाचे उष्टावणही उरकून घ्यावे असे सासूबाईंच्या मनात आहे, पुढे दिवाळी, मार्गशीर्षात दिराचे लग्न आणि संक्रांतीला बोरन्हाण, आणि हे सगळे अडीच वर्षांची लेक आणि पाच महिन्यांचा लेक यांना सांभाळून कसे निभवावे, असे तू विचारले आहेस. तुझे सारे प्रश्न बाळाचे आहेत. त्याला गर्दीत न्यावे का, ढोलाचा आवाज त्याला सोसेल का, वाटेत दूध कुठे पाजावे, हे तू बारकाईने लिहिले आहेस. थोरलीविषयी मात्र पत्रात एकच ओळ आहे : ‘ती काय, खेळत राहील.’ माझे उत्तर मी त्या ओळीपासूनच सुरू करते.

बारशाच्या दिवशी मी पाळण्याजवळ उभी होते. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बायका बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देत होत्या. तुझी थोरली त्या घोळक्यात मध्येच घुसली आणि प्रत्येक वेळी ‘घ्या’ म्हटले की दोन्ही हात वर करून उभी राहू लागली. तिला वाटले असावे की आता आपली पाळी. कुणीतरी कौतुकाने तिचा गालगुच्चा घेतला, कुणीतरी ‘बाजूला हो गं, लागेल’ म्हटले. थोड्या वेळाने ती मला पाळण्याखाली बसलेली दिसली. आहेराच्या एका रिकाम्या खोक्यात तिने आपले दोन्ही पाय घातले होते आणि झाकण मांडीवर धरले होते. तू हे पाहिले नाहीस, कारण तू पाहण्याच्या स्थितीतच नव्हतीस, आणि तो दोष तुझा नाही.

बालवाडीत पस्तीस वर्षे काढल्यावर आणि वीस महिन्यांच्या अंतराने झालेली स्वतःची दोन मुले वाढवल्यावर माझे मत असे झाले आहे की, सणासमारंभात तान्ह्या बाळाची काळजी दहा जण घेतात, त्यामुळे आईने आपले लक्ष मोठ्या मुलाकडे ठेवावे. पाच महिन्यांच्या बाळाच्या गरजा मोजक्या असतात : दूध, कोरडे लंगोट, झोप आणि ओळखीचा वास. सण त्याला कळत नाही. थोरलीला मात्र सण अर्धा कळतो, आणि हा अर्धवट कळण्याचा काळच सर्वांत अवघड असतो. काहीतरी मोठे चालले आहे हे तिला समजते, पण त्यात आपण कुठे आहोत हे समजत नाही.

आता प्रवासाकडे येते. तुम्ही पुण्याहून कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने उतरणार असे लिहिले आहेस. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, त्यानंतर मात्र लागू शकते. म्हणजे घाटात उलटी झालीच तर ती थोरलीला होईल, बाळाला नव्हे. तेव्हा कोयनानगरला थांबा, तिला अर्धा तास मोकळे पळू द्या, खायला फार तर कोरडी पोळी किंवा राजगिऱ्याचा लाडू द्या, आणि घाटात तिला खिडकीतून लांबचे दिसेल असे बसवा. चित्रांचे पुस्तक किंवा मोबाइल त्या वळणांवर हाती देऊ नका. बदलायचे कपडे मुलांचे घेशीलच, स्वतःचाही एक जोड वरच्या पिशवीत ठेव, कारण आईचा कुर्ता भिजला की पुढचे तीन तास तीच चिडचिडी होते आणि त्याचा प्रसाद मोठ्या मुलाला मिळतो.

बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसण्याची आपल्याकडची सवय मात्र कृपा करून सोड. गाडीला जोराचा ब्रेक लागला तर आईच्या हातांनी बाळ आवरत नाही. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा मुलांसाठीचे आसन बंधनकारक केले आहे आणि ते नसल्यास हजार रुपये दंड आहे, पण दंडाची गोष्ट सोड, घाटातली वळणे आठव. बाळाचे आसन मागच्या बाजूला, त्याचे तोंड गाडीच्या मागे येईल असे बांधावे. दूध पाजण्यासाठी गाडी थांबवावी, चालत्या गाडीत पाजू नये. ऐनवेळी एसटीने जाण्याचे ठरले तर मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, त्याची चौकशी कर. कुलूप दिसले तर परत फिरू नकोस, नियंत्रकांकडे किल्ली माग. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या गवळणीच्या नावाची खोली आहे ती, तिथे संकोच कसला!

सासरी पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी दोघांत वाटणी करून घ्या. अमुक वेळेपर्यंत बाळ तुझ्याकडे आणि थोरली तिच्या बाबाकडे, जेवणानंतर अदलाबदल. हे नावानिशी आणि मोठ्याने ठरवावे लागते, कारण ‘दोघे मिळून बघू’ असे म्हटले की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतो आहे. गणपतीच्या घरात तर विहीर, चूल, समई आणि पाण्याचे हंडे सगळे एकाच वेळी उघडे असतात. थोरलीचा परकर समईजवळ जाताना मी कल्पनेतसुद्धा पाहू शकत नाही. आरतीच्या वेळी तिला कडेवर घेण्याचे काम तिच्या बाबाचे.

थोरलीला या पाच दिवसांत एक नेमके काम द्या, आणि ते काम दुसऱ्या कुणालाही करू देऊ नका. माझी सूचना दूर्वांची आहे. एकवीस दूर्वांची जुडी आजीने बांधायची आणि देवघरापर्यंत थोरलीने न्यायची. एकवीस तिला मोजता येणार नाहीत, पण सकाळी उठल्याबरोबर आजीच्या मागे परसात जायचे आहे हे तिला बरोबर कळेल. ज्या मुलाला काम आहे ते मूल लुडबुड करत नाही, असा माझा बालवाडीतला अनुभव आहे. आरती सुरू झाली की बाळाला घेऊन तू माजघरात जा. झांजा, धूप आणि चाळीस माणसांचा आवाज यांत त्याचे काहीच काम नाही. शहरातल्या मिरवणुकीविषयीही माझे हेच मत आहे. कायद्याने निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि ढोल-ताशाचे पथक शेजारून गेले तर आवाज तिच्या कितीतरी वर जातो. तान्ह्याला तिथे नेऊच नये, थोरलीला लांबूनच दाखवावे.

पंचामृताविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या गोष्टीवरून घरोघरी कुरबुरी होतात. पंचामृतात मध असतो, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवू नये. मधात एका जिवाणूची बीजे असू शकतात, ती तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार होते. मोठ्या माणसांचे आतडे त्यांना रुजू देत नाही, म्हणून ‘आम्ही सगळे मध चाटूनच वाढलो’ असे म्हणणाऱ्या आजेसासूबाईंना यातला धोका दिसत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीही नको असे डॉक्टरांनी बजावले आहे, एवढेच सांग, आणि तीर्थाचे बोट बाळाच्या कपाळाला लावून घे. मी स्वतः माझ्या सासूबाईंपुढे पुस्तकातले दाखले देत बसले होते आणि हरले होते. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचे नाव पुढे केले आणि प्रश्न दोन मिनिटांत मिटला.

उष्टावणाचेही त्याच कारणाने पुढे ढकल. गणपतीत बाळाला सहा महिने पुरे होत नाहीत. शिवाय एका समारंभात दुसरा घुसवला की दोन्ही अर्धे होतात. सहा महिने पूर्ण झाल्यावर नवरात्रात किंवा दसऱ्याला चांगला दिवस पाहून तुझ्या भावाला बोलाव, मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर चाटव, आणि त्या खिरीची दुसरी वाटी थोरलीसमोर ठेव. सासूबाई नाराज होतील, पण त्यांना दसऱ्यासाठी पुण्याला येण्याचे आग्रहाचे आमंत्रण दिलेस तर फार काळ राहणार नाहीत.

विसर्जनाची तयारी आदल्या दिवशीच कर. अडीच वर्षांच्या मुलाला ‘बाप्पा गावाला गेले’ हे वाक्य पुरत नाही, कारण त्याने बाप्पाला पाण्यात जाताना पाहिलेले असते. माझा थोरला त्या वयात नदीकाठी असा रडला होता की आम्हांला त्याला घरी आणावे लागले. पुढच्या वर्षी आम्ही त्याला आधी सांगितले की पाटावरून बाप्पा जातात आणि त्याच पाटावर वाळू घरी येते. वाळू आणण्याचे काम त्याचे ठरले. येताना तो मुठीत धरलेली वाळू सांडू नये म्हणून इतका हळू चालत होता की त्याच्यामागे सगळे घर ताटकळले. तुमच्याकडे वाशिष्ठी नदीवर जाता की गावच्या पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, ते मला ठाऊक नाही, पण मूठभर वाळू सगळीकडे मिळते.

परतल्यावर एखाद्या रविवारी चौघांनी सारसबागेत जायचे असे तू लिहिले आहेस. आम्हीही 1986 साली तसेच गेलो होतो. तळ्यातला गणपती, पेशवे पार्कातले वाघ-हत्ती, फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी, भेळ आणि रात्रीचे जेवण बाहेर, असा बेत होता. प्राणी पुढे कात्रजला गेले, फुलराणी मात्र 1956 पासून तिथेच आहे. थोरल्याने फुलराणीत एक फेरी मारली आणि मग तो कुंपणाला नाक लावून गाडी वळताना पाहत उभा राहिला. त्याला पुढे काहीच नको होते. आम्ही त्याला ओढून देवळाकडे नेले, धाकटी दुधासाठी रडू लागली, आणि सारसबागेच्या पायऱ्यांवर आम्ही चौघे चार दिशांना तोंडे करून बसलो. पुढच्या रविवारी हे फक्त थोरल्याला घेऊन गेले. सकाळी फुलराणी, बाकी काही नाही, बाराच्या आत घरी. दीड तासांच्या त्या सहलीविषयी तो आठवडाभर बोलत होता. तेव्हा चौघांची सहल जरूर कर, पण एकच ठिकाण ठरव आणि थोरलीच्या दुपारच्या झोपेआधी घरी ये, आणि महिन्यातून एकदा तरी बाळाला आजीजवळ ठेवून तिला एकटीला ने. दुचाकीवर नेणार असाल तर तिला पुढे उभी करू नका. तिच्या मापाचे शिरस्त्राण आणि मागे बसताना बांधायचा पट्टा, दोन्ही घ्या.

लग्नाविषयी थोडक्यात सांगते. पहिल्या पंगतीला जेवून घे. वरपक्षाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते गेल्या गेल्या विचारून ठेव. अक्षता पडताना बाळाचा चेहरा पदराखाली असू दे. बाळाला झोळीने छातीशी बांधलेस तर ते हातोहात फिरत नाही आणि सर्दीवाल्या मंडळींचे मुकेही चुकतात. थोरलीच्या झग्याच्या आतल्या बाजूला तुमचा फोन क्रमांक पेनाने लिहून ठेव.

बोरन्हाणाची मात्र मला खरी भीती वाटते. नणंदेकडच्या एका बोरन्हाणात अकरा महिन्यांच्या बाळावर बोरे, हरभरे, शेंगा, रेवड्या, बत्तासे सगळे ओतले, मुले लुटीवर तुटून पडली, आणि त्या गोंधळात बाळाचा आवाजच बंद झाला. रडत नव्हते, खोकतही नव्हते, ओठ काळसर होऊ लागले होते. मी त्याला हातावर पालथे घेतले, डोके खाली केले, हनुवटी धरली आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापा मारल्या. चौथ्या थापेला हिरवा हरभरा जमिनीवर पडला. पाच थापांनी सुटले नसते तर उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचे, पुन्हा थापा, आणि तोवर दुसऱ्याने 108 ला फोन करायचा, हे मला बालवाडीच्या प्रशिक्षणात शिकवलेले होते. तोंडात बोट घालून चाचपडायचे नाही, त्याने दाणा आणखी आत जातो. मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचे. हे तुम्ही दोघांनी आणि सासूबाईंनीही एकदा शिकून घ्या. बाळावर फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओतायच्या आणि लगेच त्याला उचलायचे. बोरे, शेंगा, उसाचे करवे शाळकरी मुलांना पुड्या बांधून हातात द्यायचे.

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात, म्हणजे तुझी थोरलीही अजून त्यात बसते. दोघांना एकाच पाटावर बसव, आणि ओवाळताना तिला आधी ओवाळ. हलव्याचे दागिने मी करणार आहे. बाळाला हलव्याचा एक मुकुटच पुरे, तोही घट्ट शिवलेला, कारण गळ्यातला हार तो तोंडात घालील. थोरलीला मात्र मुकुट, हार, बाजूबंद, बांगड्या आणि कंबरपट्टा असा सारा साज करायचा आहे. तिच्या मनगटाचे, डोक्याचे आणि कमरेचे माप दोऱ्याने घे, प्रत्येक दोऱ्याला गाठ मारून चिठ्ठी बांध आणि पाठव. माप घेताना ते कशासाठी आहे हे तिला सांग. बाळाचे माप पौषात घेऊ.

तुझी,
बाई