'इनहेरिट'चा कर्ता कोण?

सोलापूर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी अनुवादाची पानं वाचली. 'तिला आईचा आवाज वारसाहक्काने मिळाला' इथे मी थांबलो. आपल्या घरात असं कोण बोलतं गं? 'आवाजात आईवर गेलीय,' असंच म्हणतात. 'इनहेरिट' दिसलं की तू डोळे मिटून 'वारसाहक्क' लिहितेस, तेवढं सोड.

त्या शब्दाचं मूळ बघ. लॅटिन 'हेरेस' म्हणजे वारस. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ होता वारस नेमणं. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं, तेव्हा हाही अर्थ सोबत आला. म्हणजे क्रिया देणाऱ्याची. पुढे ती घेणाऱ्याकडे सरकली. 'डिसइनहेरिट'मध्ये मात्र देणारा अजून जागेवर आहे, बापच मुलाला बेदखल करतो. म्हणून आधी कर्ता शोध, मग लेखणी उचल. 'हेरेस'चा धातू भाषाशास्त्रज्ञ 'मागे सुटणं, रिकामं होणं' या अर्थाशी नेतात आणि संस्कृत 'जहाति'शी, म्हणजे 'सोडतो'शी, त्याचं नातं जोडतात. आपले 'हानी', 'हीन' त्याच 'हा' धातूचे. मला हे फार खोल वाटतं. कुणीतरी गेल्याची रिकामी जागा त्या शब्दाच्या पोटात आहे.

आपला 'वारस' अरबी, 'मिरास'ही त्याच कुळीचा. 'दाय' मात्र संस्कृत, वाट्याचा शब्द. आपल्याकडून हैदराबादच्या रस्त्याला लागून उमरगा ओलांडलं की बसवकल्याण. तिथे चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली. तिच्यात वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मानेच लागतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने देशभर मुलीचाही. बाप समोर चहा पीत बसलेला असतो आणि लेकीचा वाटा आधीच उभा असतो. त्याला 'इनहेरिट' कसं म्हणशील?

आता तुझ्याकडचा भवानी पेठेतल्या घराचा दस्त. मराठीत नुसतं 'वडिलांकडून आलेलं घर' आहे आणि तू सरळ 'इनहेरिटेड' करून टाकलंस. वडिलांनी मागावर चादरी विणून स्वकष्टाने घेतलेलं असेल आणि त्यांच्या माघारी आलं असेल, तर बरोबर. एकत्र कुटुंबाचं असेल, तर तो शब्द लेकीचा जन्माचा हक्क पुसतो. हयातीत बक्षीसपत्राने दिलं असेल, तर तिसराच शब्द लागेल. सिटी सर्व्हेचा उतारा मागव, पक्षकाराला विचार आणि ते पान पुन्हा लिहून रविवारी घरी घेऊन ये.

तुझे,
काका